अनुदानाची फाइल लावून देणारं सेवा केंद्र: साडेतीन तारे, आणि ते का

तालुक्याच्या बाजारपेठेत खत-बियाण्यांच्या दुकानांच्या रांगेत एक चिंचोळं सेवा केंद्र आहे. जिल्हा जालना, एवढंच सांगते. नाव टाकू नका असं केंद्र चालवणाऱ्या ताईंनीच बजावलंय, कारण बाजारच्या दिवशी आधीच दारात चपला काढायला जागा नसते. पॅनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, लाइट बिल, झेरॉक्स, लॅमिनेशन हे सगळं इथे चालतं, तसं ते कुठेही चालतं. त्याबद्दल मी लिहीत नाही. इथे १५० रुपयांत शेतकऱ्याची ‘अनुदान फाइल’ लावून मिळते आणि पुढे ती चालू ठेवायला दर हंगामाला ५० रुपये घेतात. परीक्षण त्याचं आहे.

आमची साडेतीन एकर जमीन सासूबाईंच्या नावावर आहे. आमचे हे चाकणला कंपनीत, त्यामुळे शेत मी बघते आणि शेताचे कागदही मीच. या एवढ्याशा तुकड्यावर ठिबक झालं, मोसंबीची नवी लागवड झाली, अतिवृष्टीची मदत आली. प्रत्येकाचा रस्ता वेगळा, साहेब वेगळे. साहेब बदलतात, त्यांची पदंही नवी होतात (तलाठी आता ग्राम महसूल अधिकारी झालेत आणि कृषी सहायक हे सहायक कृषी अधिकारी, गावात अजून तलाठी आप्पाच म्हणतात). मागायचे कागद मात्र तेच ते.

फाइल म्हणजे पारदर्शक कप्प्यांची जाड फाइल. पहिल्या कप्प्यात एक छापील तक्ता असतो, तो ताई स्वतः हाताने भरतात. सगळ्यात वर तीन ओळी: सातबाऱ्यावरचं नाव, आधारवरचं नाव, पासबुकावरचं नाव. एकाखाली एक, जसं आहे तसं, वेलांटी-उकारासकट. आमच्या सासूबाई सातबाऱ्यावर ‘कौसाबाई’ आहेत, आधारवर ‘कौशल्या’, आणि पासबुकावर आडनावाच्या एका अक्षराने तिसऱ्याच कोणीतरी. इतकी वर्षं हे तिन्ही कागद घरात एकाच पिशवीत होते, पण असे एकाखाली एक कोणी मांडले नव्हते.

ही तीन नावं फार्मर आयडीच्या वेळी आडवी येतात. अॅग्रीस्टॅकमध्ये, म्हणजे हा आयडी देणाऱ्या सरकारी नोंदणीत, आधारवरचं नाव सातबाऱ्यावरच्या नावाशी किती जुळतं ते बघतात. कमी जुळलं की अर्ज महसूलच्या मंजुरीला जाऊन थांबतो. १५ एप्रिल २०२५ पासून कृषी खात्याच्या योजनांना हा आयडी सक्तीचा आहे, म्हणजे तिथे अडकलं तर पुढे काहीच नाही. बाजारातल्या दुसऱ्या एका केंद्रात अशा वेळी सरसकट सगळ्यांना शंभराच्या नाहीतर पाचशेच्या स्टॅम्पवर प्रतिज्ञापत्र करायला लावतात. इथे ताई सासूबाईंना म्हणाल्या, “आजी, मामंजी गेल्यावर वारस लागले तेव्हाचा फेरफार बघू आधी.” जमिनीच्या नोंदीतल्या बदलाचा तो कागद काढला, तर त्यात ‘कौसाबाई उर्फ कौशल्याबाई’ असं स्वच्छ लिहिलेलं. त्या फेरफाराच्या प्रतीवर काम झालं. दीडशे रुपये मला तिथेच वसूल वाटले.

पुढच्या कप्प्यांत नेहमीचं: डिजिटल सहीचा सातबारा आणि आठ-अ खातेउतारा (प्रत्येकी १५ रुपये सरकारी फी, ती वेगळी), आधार, पासबुकाचं पहिलं पान. सामाईक खातं असेल तर बाकीच्या खातेदारांचं संमतीपत्र. विहीर किंवा बोअर सातबाऱ्यावर आहे का ते बघतात, नसेल तर आधी ती नोंद लावून घ्या म्हणून परत पाठवतात. कृषिपंपाचं वीजबिलही लावतात. साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना २०२४ च्या एप्रिलपासून बिल माफ आहे, त्यामुळे आमच्याकडे लोक तो कागद चुलीत घालतात. बिल शून्य असलं तरी ग्राहक क्रमांक त्यावरच असतो, हे इथे प्रत्येकाला सांगावं लागतं.

या केंद्राचं खरं काम तारखांचं आहे.

महाडीबीटी या राज्याच्या अनुदान पोर्टलवर अर्ज, मग निवड, मग कागद अपलोड, मग पूर्वसंमती (आता खरेदी करा, अशी खात्याची मंजुरी), मग खरेदी, मग बिल अपलोड, मग शेतात येऊन मोका तपासणी, मग खात्यात पैसे. हा क्रम गावात सगळ्यांना तोंडपाठ आहे. तरी दरवर्षी कोणी ना कोणी पूर्वसंमतीच्या आधीच माल उचलतो. कारणं खरी असतात: लागवडीची वेळ निघून जाते, पाऊस तोंडावर येतो, दुकानदार म्हणतो आज घेऊन जा, बिल मागून फाडू. पण बिलाला नंबर असतो, जीएसटी असतो, आणि पूर्वसंमतीच्या आधीच्या तारखेचं बिल अनुदानाला चालत नाही. तिथे रडून उपयोग नसतो, कृषी अधिकारी कितीही ओळखीचे असले तरी. ताईंनी यावर केलेला उपाय अगदी साधा आहे. फाइलीत पूर्वसंमतीचा कप्पा आधी, बिलाचा नंतर, आणि बिलाच्या कप्प्याचं तोंड लाल चिकटपट्टीने बंद. पूर्वसंमतीची प्रिंट आत गेल्यावर ती पट्टी त्याच काढतात. मी एकदा कोटेशनच त्या कप्प्यात सारायला गेले, तर म्हणाल्या, “काकू, कोटेशनचा खण मागे. याच्यात काहीच नाही घालायचं अजून.” माझ्याहून वीस वर्षांनी लहान असेल ती पोरगी. बोलणं तुटक आहे, सवय व्हायला वेळ लागतो.

दुसरा हट्ट पैशांचा. दुकानदाराला रोख द्यायचे नाहीत, माझ्या मोबाइलवरून पाठवायचे नाहीत. लाभार्थी सासूबाई, तर पैसे सासूबाईंच्याच खात्यातून जायचे, आणि पासबुकावर ती ओळ छापून आणायची. त्यासाठी सासूबाईंना बँकेत नेणं, स्लिप भरणं, अंगठा, हे सगळं आलं. कंटाळा येतो. पण बिल, पासबुकातली ओळ आणि पोर्टलवरची रक्कम ही तिन्ही एकाच आकड्यावर आली की तपासणीला आलेला माणूस फार प्रश्न विचारत नाही, हे मी बघितलंय.

पूर्वी निवड सोडतीने व्हायची, तेव्हा नंबर लागल्यावर मग धावपळ करून कागद जमवले तरी निभायचं. २०२५-२६ पासून सोडत गेली आणि आधी अर्ज करणाऱ्याला आधी असं झालं. अर्ज लवकर टाकायचा असेल तर कागद आधीच लावलेले हवेत. बाजारातल्या इतर केंद्रांच्या आणि या केंद्राच्या गर्दीत जो फरक पडला तो तेव्हापासून.

आता ठिबकचं थोडं सविस्तर सांगते, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथे आहेत. दोन हेक्टरच्या आतल्या अल्प-अत्यल्प भूधारकाला केंद्र सरकारच्या योजनेतून ५५ टक्के आणि राज्याच्या मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून २५ टक्के, मिळून ८०. मोठ्या शेतकऱ्याला ४५ आणि ३०, मिळून ७५. लोक ऐकतात ८० आणि दुकानाच्या बिलाला ८० ने गुणून घरी हिशेब करतात. अनुदान ठरतं ते सरकारने दोन ओळींतल्या अंतरानुसार हेक्टरी जो खर्च ठरवून दिलाय त्यावर. बिल त्याच्या वर गेलं तर वरचं सगळं आपल्या खिशातून. ताई कोटेशन हातात आलं की मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीने तीन आकडे काढून देतात: मापदंडाचा खर्च, त्यावरचं अनुदान, आणि आपल्याला घालावे लागणारे पैसे. दुकानात हा तिसरा आकडा कोणी सांगत नाही. शिवाय एकदा ठिबक घेतलं की त्याच क्षेत्रावर पुन्हा अनुदान ७ वर्षांनी, म्हणून त्या बिलाची प्रत किमान तेवढी वर्षं ठेवायची. फाइलीवर ताई मार्करने ते साल लिहितात, ते मला आवडलं.

२२ सप्टेंबर २०२५ ला ठिबकवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, तेव्हा जुनी कोटेशनं घेऊन बसलेल्या सगळ्यांना ताईंनी फोन करून नवी आणायला लावली. हे कोणी सांगितलं नसतं तरी त्यांचं काही बिघडलं नसतं. ५० रुपयांत हेही आलं.

नळ्यांवरचा छापा वाचायला मी इथेच शिकले. साध्या लॅटरलवर (झाडांच्या ओळीतून जाणाऱ्या नळीवर) आयएस १२७८६ आणि ड्रिपर आतच असलेल्या इनलाइन नळीवर आयएस १३४८८ असं छापलेलं असतं, सोबत आयएसआयची खूण आणि बॅच. बिलावर जे लिहिलंय तेच नळीवर आहे का, हे माल टेम्पोतून उतरवतानाच बघायचं आणि त्या छाप्याचा जवळून फोटो काढून ठेवायचा. एकदा नळ्या अंथरल्या, वरून पाला पडला, की तपासणीच्या दिवशी तो छापा शोधत वाफ्यात गुडघ्यावर रांगावं लागतं. आमच्याकडे तपासणीला आले तेव्हा त्यांनी आधी सासूबाईंना फिल्टरशेजारी उभं करून जिओ टॅगचा (जागेची नोंद असलेला) फोटो घेतला. त्यांना डोक्यावरचा पदर सारखा करायचा होता, त्यात उन्हाने मोबाइलचा पडदा दिसेना, मग लोकेशन येईना. छाप्याचा फोटो मात्र माझ्याकडे तयार होता, त्यावर दोन मिनिटांत काम झालं.

ई-पीक पाहणीच्या बाबतीत या केंद्राचं मला सगळ्यात जास्त पटलं, कारण ती पाहणी इथे करून देत नाहीत. पीक शेतात उभं राहून, तिथल्या लोकेशनवर फोटो काढून नोंदवायचं असतं, ते दुकानात बसून कसं होणार? तरी शंभर रुपये घेऊन ‘करून देतो’ म्हणणारे आहेत. ताई अॅप मोबाइलवर घालून देतात, गट नंबर, क्षेत्र आणि खातेदार निवडून कुठे काय भरायचं ते दाखवतात आणि शेतात पाठवतात. परत येऊन नोंदीचा स्क्रीनशॉट दाखवला की त्याची प्रिंट तारखेसकट फाइलीत. नव्या मोसंबीच्या ओळींमध्ये आम्ही सोयाबीन घेतो. तिथे फळबाग आणि आंतरपीक दोन्ही नोंदवायचं राहून जातं, हे त्यांनी विचारून घेतलं.

राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून हे अॅप आलं, तेव्हा गावात कोणी मनावर घेतलं नव्हतं. पारावर मोबाइल आणि पाहणी यावर विनोद चालायचे. मग २०२३ च्या खरिपातल्या कापूस-सोयाबीनला हेक्टरी ५,००० रुपयांची मदत जाहीर झाली, दोन हेक्टरपर्यंत, आणि आधार धरला तो ई-पीक पाहणीच्या नोंदीचा. पुढे सातबाऱ्यावर नोंद असलेल्यांनाही घेतलं, पण तोवर तहसीलला किती चकरा झाल्या ते आमच्या गल्लीला माहीत आहे. आता हंगाम सुरू झाला की केंद्राच्या दारावर खडूने पाहणीची शेवटची तारीख लिहिलेली असते. मुदत वाढली की पुसून नवी.

आधार आणि बँकेचं लफडं सगळीकडे आहे. या अनुदानांचे पैसे आपण अर्जात लिहिलेल्या खात्यावर जातात असं वाटतं. प्रत्यक्षात ते आधारला शेवटी जे खातं जोडलं गेलं तिथे जातात. २०२४ ला लाडकी बहीणसाठी गावातल्या कितीतरी बायकांनी नवी खाती काढली, बहुतेक पोस्टात. त्यानंतर कुणाचे पीएम किसानचे पैसे ‘बंद झाले’, कुणाचं ठिबकचं अनुदान ‘गेलंच नाही’. गेलं होतं, नव्या खात्यात पडून होतं. आमच्या वस्तीवरची एक बाई जुन्या बँकेत पासबुक भरून भरून दमली होती. ताईंनी आधार कोणत्या बँकेला जोडलंय ते बघितलं आणि तिला पोस्टात पाठवलं, एवढंच. ५० रुपयांच्या हंगामी सेवेत ही तपासणी दर वेळी करतात आणि पहिल्या तक्त्यावर बँकेचं नाव खोडून नवं लिहितात. नुसत्या याच कामासाठी जायला हरकत नाही.

अतिवृष्टीच्या मदतीचं वेगळं. ग्रामपंचायतीत यादी लागते, तीत आपल्या नावासमोरचा व्हीके नंबर (विशिष्ट क्रमांक) घेऊन केंद्रात ई-केवायसी करायची असते. फार्मर आयडी झालेल्यांना २०२५ च्या मदतीच्या वेळी ती करावी लागली नाही. यादीचा फोटो काढून तोही त्यांनी फाइलीत घालायला सांगितला. आम्ही एवढं कधी केलं नसतं.

फळबागेच्या नोंदीला मात्र हे केंद्र कमी पडतं.

आमची जुनी मोसंबी २०१२-१३ च्या दुष्काळात गेली. टँकरने जगवायचा प्रयत्न करून शेवटी तोडलीच; त्या वर्षी जालन्यात अशा कितीतरी बागा सरपणाला गेल्या. नवी लावली ती भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेतून. २०१८-१९ ला ही सुरू झाली. रोजगार हमीत बसत नाहीत त्यांच्यासाठी आहे, आमच्या भागात २० गुंठ्यांपासून ६ हेक्टरपर्यंत. अनुदान तीन वर्षांत येतं, ५०, ३० आणि २० टक्के असं, आणि दुसऱ्या वर्षीचा हप्ता मिळायला पहिल्या वर्षी लावलेली ८० टक्के झाडं जिवंत दिसावी लागतात, तिसऱ्या वर्षासाठी ९० टक्के. म्हणजे झाडांची हजेरी ठेवायची. परवानाधारक रोपवाटिकेची कलमांची पावती, खड्ड्यांचे फोटो, मेलेल्या झाडाच्या जागी नांगी भरली तर तिची वेगळी पावती, सगळं तारखेने. तीन वर्षं सांभाळायचं म्हटलं की मधे एक मोठा पाऊस, एक घराची डागडुजी आणि एक उंदीर येतोच.

केंद्रात यासाठी एक छापील तक्ता देतात: दहा ओळी, दहा झाडं, प्रत्येक चौकोनात जिवंतला टिक, मेलेल्याला फुली. कागदावर छान दिसतो. सहा बाय सहा मीटरवर मोसंबी लावली तर एकरी साधारण ११० झाडं बसतात, आणि शेत काही चौरस नसतं. आमच्या बांधाकडच्या ओळीत सहा झाडं आहेत, मधल्या ओळींत चौदा. तक्त्यात ओळ कुठे संपली ते कळत नाही, नांगी कधी भरली ते लिहायला जागा नाही. मी सरळ शंभर पानी वही घेतली, बागेचा आकार पेन्सिलीने काढला, प्रत्येक ओळीच्या पहिल्या झाडाला रंगाचा पट्टा मारला आणि तोच नंबर वहीत. ताईंना दाखवली. त्यांनी फोटो काढून घेतला, पण तक्ता अजून तोच छापतात.

आता तक्रारी.

पहिली आणि मोठी: काउंटरच्या मागे एका ठिबक डीलरचा भलामोठा फ्लेक्स आहे आणि कोटेशन कुठून आणू विचारलं की बोट तिकडे जातं. कमिशन आहे का, मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. त्या डीलरचे भाव वाईट नव्हते, पण मी तीन दुकानांची कोटेशनं घेतली तेव्हा फिल्टरच्या किमतीत बऱ्यापैकी फरक निघाला. इतक्या चोख कागद ठेवणाऱ्या माणसाने हा फ्लेक्स काढायला हवा, किंवा शेजारी आणखी दोन लावायला हवेत. तालुक्यात ‘नळी कमी टाकू, बिल पुरतं लावू’ म्हणणारे दुकानदार आहेत, हे लपलेलं नाही. ज्यांच्या शब्दावर लोक दुकान निवडतात त्यांनी त्यापासून चार हात लांब दिसलं पाहिजे.

दुसरी: केंद्राची स्वतःची नोंदवही. प्रत्येक शेतकऱ्याचं नाव, मोबाइल, पूर्ण आधार नंबर, काहींचे तर जुने पासवर्डसुद्धा, एका लांबट रजिस्टरमध्ये. ते रजिस्टर काउंटरवर उघडं. लोक त्यावर चहाचा कप ठेवतात. आता महाडीबीटीला फार्मर आयडी आणि ओटीपीने आत जाता येतं, पासवर्ड लिहून ठेवायचं कारणच उरलं नाही. मी आमच्या ओळीवर काळं फासायला लावलं. ताई थोड्या नाराज झाल्या, पण फासलं. ओटीपी आला की मोबाइल त्यांच्या हातात देऊ नका, आकडे वाचून दाखवा.

तिसरी किरकोळ: दरपत्रक नाही. फाइल १५०, हंगाम ५० हे ठरलेलं, पण स्कॅन करून पोर्टलला चालेल एवढं लहान करायचे कधी पानाला दहा, कधी वीस. महाडीबीटीची स्वतःची अर्ज फी २३ रुपये ६० पैसे आहे, ती पावतीवर दिसते. बाकीचं दिसत नाही. तेवढं भिंतीवर लिहिलं तर वाद राहणार नाही.

फाइलीबद्दलही एक. स्वस्तातल्या कप्प्याला छपाईची शाई चिकटते. सासूबाईंच्या आठ-अ ची अक्षरं पावसाळ्यात प्लास्टिकवर उलटी उमटली. दुकानाचं बिल मशीनच्या गुळगुळीत कागदावर मिळालं असेल तर त्या दिवशीच त्याची झेरॉक्स काढा, वर्षभरात ते कोरं होतं. मूळ बिल कागदी पाकिटात घालून मग कप्प्यात ठेवा.

हे सगळं घरी मोबाइलवर होत नाही का? होतं. माझा भाचा करतो, त्याची आईही आता करते. ज्यांच्या घरात वाचणारं-लिहिणारं माणूस रोज आहे, जमीन एकाच नावावर आहे आणि नावं तिन्हीकडे एकच आहेत, त्यांनी दीडशे रुपये घालवू नयेत. पोथीसारखे कागद कापडात बांधून ठेवणारी आमच्यासारखी घरं, वारस लागायचे राहिलेली खाती, मुलगा पुण्या-संभाजीनगरला आणि म्हातारी खातेदार गावात, अशांनी जावं. अर्धा तारा मी फ्लेक्ससाठी कापला, अर्धा रजिस्टरसाठी, अर्धा झाडांच्या तक्त्यासाठी.

जाताना दुपारी दोननंतर जा, सकाळी विद्यार्थ्यांचे दाखले असतात. बाजारचा दिवस टाळा. बसायला एकच बाकडं आहे, म्हातारं माणूस सोबत असेल तर समोरच्या कृषी सेवा केंद्रवाल्यांकडे खुर्ची मागायची, ते देतात. मूळ कागद तिथे ठेवून येऊ नका, ताईही ठेवू देत नाहीत. आणि सासूबाईंसारखी ज्यांची बोटं झिजली आहेत, ज्यांचा अंगठा मशीनवर उठतच नाही, त्यांच्यासाठी इथे डोळ्यांचं मशीन आहे. त्याचे वेगळे पैसे घेत नाहीत.